योगिनीचं गाऱ्हाणं

“पन नक्की काय करतेस गो तू?” धोंडूतात्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. नारळ हातात तयार होता, पण देवीला सांगायचं काय, तेच त्यांना उमगेना.

योगिनीने डोळे मिटून घेतले. बंगळुरूत हाच प्रश्न ती चुटकीसरशी निकालात काढायची. इथे संगमेश्वरच्या आतल्या गावात, देवळात वीसेक माणसं ताटकळली होती आणि गाडं जागचं हलत नव्हतं. कंपनीत तिला भागीदार करून घ्यायचं की नाही, हे सोमवारी ठरणार होतं. पाच वर्षं तिने त्याच एका दिवसाची वाट पाहिली होती. म्हणून आईने हा घाट घातला, आणि ज्याचं गाऱ्हाणं त्याचा कामधंदा देवीला नीट सांगावा लागतो.

“श्रीमंतांचे पैसे घेते आणि लोकांच्या नव्या धंद्यांत घालते, तात्या.”

“म्हंजे भिशी.”

“भिशी नाही हो!”

“मंग ते धंदे चालतात तरी?”

“दहातले आठ बुडतात. पण उरलेले दोन...”

“बुडतात?” तात्यांनी नारळ खाली ठेवला. “देवीला सांगू काय मी ह्ये?”

“अहो, तिनं पुस्तकसुद्धा लिवलंय,” आई मध्येच म्हणाली. देवीपुढे एक प्रत ठेवली होतीच. शिवाय सकाळपासून आईने घरोघर प्रती वाटल्या होत्या. योगिनीला ते आत्ता कळलं. खांबाला टेकून गावातलाच सुजय बसला होता, आणि त्याच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं.

“ऱ्हाऊं दे ते पुस्तक,” तात्या म्हणाले. “रोज हापिसात बसून काय करतेस, तेवढं सांग.”

“माणसं येतात, आपला धंदा समजावून सांगतात. शंभरात एकाला मी हो म्हणते.”

“आनि बाकीच्यांना?”

“नाही म्हणते!” ती अगदी वैतागून ओरडली.

“मंग असं सांग की! मानसांना नाय म्हनायचं काम.” तात्यांचा चेहरा उजळला.

“तोंडावर नाय म्हणत ती, तात्या,” सुजय खांबाजवळून म्हणाला. “चौथ्या प्रकरणात लिहिलंय. सरळ ‘नाही’ कधी म्हणू नये. ‘विचार करून कळवते’ म्हणावं. काजूच्या बोंडांचा रस टिकवायचं यंत्र घेऊन आलेला गावातला एक मुलगा, म्हणून उदाहरण दिलंय. नाव नाय घातलेलं.”

अख्ख्या पंचक्रोशीत तसं यंत्र बनवणारा एकच माणूस होता.

“आठ महिने मी फोन उशाशी घेऊन झोपायचो,” सुजय म्हणाला आणि पुन्हा पुस्तकात बघू लागला.

तात्यांना यातलं फारसं कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी ते कानाआड केलं. त्यांनी नारळ उचलला आणि आवाज लावला.

“बा आई जाखमाते! ही तुजी लेक मानसांना नाय म्हनायचं काम करते...”

“व्हय म्हाराजा!”

“सोमवारी तिला कुनी नाय म्हनू नये...”

“व्हय म्हाराजा!”

तात्या थांबले. “एक आवाज कमी आला.”

गाऱ्हाण्याला आलेल्या प्रत्येकाचा होकार मिळाल्याशिवाय या गावात नारळ फुटत नाही. सगळ्या माना खांबाकडे वळल्या. योगिनीला तात्यांचा राग आला, प्रती वाटणाऱ्या आईचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचाच आला. तरी ती सुजयच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. शंभर माणसं तिच्या तोंडाकडे अशीच बघत बसायची.

“म्हण ना रे बाबा,” आई काकुळतीला आली.

सुजयने पुस्तक मिटलं, देवीच्या पायरीवर पहिल्या प्रतीशेजारी नीट ठेवलं. बाहेर जाऊन चपला पायात सरकवल्या आणि तिथूनच, अगदी अदबीने, म्हणाला,

“विचार करून कळवतो.”