कल्हईचं पातेलं

नांदेडच्या डॉक्टरांनी सासूबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला. म्हणाले, "शिसं फार आहे. विसरण्यामागं तेही एक कारण असू शकतं. कल्हईच्या भांड्यात शिजवणं बंद करा."

कंधारला घरी पोचलो, तर चाळीस वर्षं आमच्या भांड्यांना कल्हई करणारे लिंबाजीमामा भाता घेऊन दारात उभे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते मटकन पायरीवर बसले.

"कथलात शिसं मिसळत होतो, सूनबाई. लवकर पसरतं म्हणून." मग म्हणाले, "तुझ्या सासूनं, पारूबाईनं, त्याच भांड्यातलं वरण मलाबी वाढलं. धूर तर रोजच गिळला. आता न्हाई करणार. भाता मोडून टाकतो."

त्यांचे डोळे भरून आले होते. मोडीत द्यायला म्हणून मी पितळी पातेलं ओसरीवर सासूबाईंजवळ आणून ठेवलं आणि मामांसाठी पाणी आणायला आत गेले.

तांब्या घेऊन बाहेर आले, तेव्हा मामा विचारत होते, "हाय का एखादं भांडं कल्हईला?"



सासूबाईंनी पातेलं त्यांच्यापुढं सरकवलं. "लई दिवसांनी आलास, लिंबाजी."