आठ घरांत दिलेला शब्द

सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. पंचांना पहिल्या पाच मुलींची नावं लिहून द्यायची होती. अक्षयनं तीन नावं लिहिली आणि पेन थांबवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळवीन, असा शब्द त्यानं आठ घरांत दिला होता.

त्यातल्या एका घरची बाई समोरच्या पायऱ्यांवर बसली होती. धोंडुबाई. धरमतरच्या मिठागरावरच्या कामाचा खाडा करून ती लेकीचा खेळ बघायला रोह्याला आली होती. मांडीवर डब्याची पिशवी होती.

शब्द द्यायची ही सवय अक्षयला मोबाइलवरच्या एका खेळानं लावली होती. त्या खेळात तो चार वर्षं एका परदेशी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक होता. कॉलेज खोटं, खेळाडूही खोटे. चांगली पोरं आपल्याकडे ओढायची तर त्यांना सांगायचं, सामन्यात तुला इतकी मिनिटं खेळवीन. जितकी मिनिटं जास्त, तितका होकार लवकर. चाळीस मिनिटांचा सामना, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला दोनशेच मिनिटं. पण शब्द कितीही देता यायचे. शब्द मोडला की त्या पोराच्या नावापुढचा चेहरा लाल व्हायचा आणि हंगाम संपताच तो संघ सोडून जायचा. अक्षय त्याच्या जागी दुसरा आणायचा. अशानं त्यानं तीन करंडक जिंकले होते.

जूनमध्ये तो पेणच्या एका कॉलेजात खेळशिक्षक म्हणून लागला. बास्केटबॉलच्या मैदानावर दुचाक्या लागत होत्या. प्राचार्य म्हणाले, "मुलींचा संघ उभा करा. पहिला सामना जिंकलात तर मैदान तुमचं. नाहीतर राहू दे आहे तसं."

मुली कबड्डी खेळणाऱ्या. अक्षय घरोघर फिरला. धोंडुबाईच्या ओट्यावर चहा घेताना तिनं सरळ विचारलं होतं, "पोरीला बसवून ठेवनार नाय ना? बसवायची असंल तर नेऊ नका. बसाय घरात जागा हाय."

"नाय मावशी. नमिता पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळेल."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, की हेच वाक्य तो आदल्या दिवशी जिते गावात दोन घरांत बोलून आला होता.

आता त्यानं आठही जणींना मैदानाच्या कडेला बोलावलं. नमिता सगळ्यांत उंच होती, धावायची छान, पण चेंडू अजून तिच्या हातात टिकत नव्हता.

"मी तुमच्या सगळ्यांच्या घरी एकच शब्द दिलाय," तो म्हणाला. "तो पाळता येणार नाही. खेळणार पाच जणी. चूक माझी आहे."

पिंकी, संघाची कर्णधार, म्हणाली, "मग पाच नावं लिहा ना सर. पंच बघतायत."

त्यानं नावं लिहिली. त्यात नमिता नव्हती. ती बाकाच्या टोकाला जाऊन बसली. धोंडुबाईला आत्ताच सांगून यावं म्हणून तो पायऱ्यांकडे वळला, तेवढ्यात शिट्टी झाली.

सामना अटीतटीचा झाला. मध्यंतराला पेण चार गुणांनी मागे होतं. तिसऱ्या डावात पिंकी धापा टाकायला लागली तेव्हा त्यानं नमिताला आत पाठवलं. तिनं दोनदा बास्केटखाली उंच उडी मारून चेंडू काढला आणि दोनदा हातातून घालवला. सहा मिनिटांनी त्यानं तिला परत बोलावलं. शेवटची दहा मिनिटं ती बाकावरून टाळ्या वाजवत होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला पाणी देत होती. पेण तीन गुणांनी जिंकलं. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

अक्षयनं पायऱ्यांकडे पाहिलं. धोंडुबाई उठून उभी राहिली होती. मोबाइलवर लाल झालेल्या चेहऱ्यासमोर जाऊन कधी उभं राहावं लागलं नव्हतं. इथे बारा पायऱ्या चढायच्या होत्या. तो चढला.

"मावशी, मी तुमच्याशी खोटं बोललो. नमिता सहाच मिनिटं खेळली. असा शब्द मी आठ घरांत देऊन आलो होतो." "तुम्हाला तिला न्यायची असेल, तर मी काय म्हणणार? पण तिच्यावर राग नका काढू. ती चांगली खेळते."

धोंडुबाईनं पिशवी सोडून डबा त्याच्यापुढे केला. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सुक्या जवळ्याची चटणी होती. "घ्या पयलं. सकालपासून उभेच हाव."

त्यानं भाकरीचा तुकडा हातात घेतला, पण तोंडात घालवेना.

"तुमी आमच्याकडून गेलात, त्याच सांजंला नमितानं मोबाइलवर दावलं," ती म्हणाली. "पाचच जनी खेलतात. बाकीच्या बसतात. तुमचा शब्द काय खरा व्हनार नाय, ह्ये मना तवाच समजलं."

"मग पाठवलीत कशी तिला?"

खाली नमिता मुलींच्या घोळक्यात हसत होती. धोंडुबाईनं तिकडे पाहिलं.

"सर, आमच्या दारात पोर मागाय येतात ते लग्नालाच," ती म्हणाली. "खेलाय मागाय आलेले तुमी पयलेच."