दाणेदार रंग

उन्हानं तडकलेला फियाटचा डॅशबोर्ड शकुननं स्वतः घासला, भेगा पुट्टीनं भरल्या आणि वर दाणेदार रंगाचा स्प्रे मारला. गाडी सासऱ्यांची, वामनरावांची, जिवापाड जपलेली. रंग वाळल्यावर तिनं त्यांना धरून गाडीत बसवलं.

"मामाजी, चुकलं असन तं सांगा."

वामनरावांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि डॅशबोर्डवर ठेवला. मग तो रंगावरून सरकवला.

"खरबरीत लागते," ते हळूच म्हणाले.

शकुन घाबरली. "परत घासू का?"

"राहू दे वं पोरी. जरा हात फिरू दे."

लकवा मारल्यापासून आठ महिन्यांत त्या हाताला पहिल्यांदाच काही जाणवलं होतं.