दहा सेंटिमीटर

चाकाची खुर्ची दारात अडकली. गवंडी आण्णांनी पुन्हा जोर लावला, पण चाकं आत जाईनात.

"दार रुंद केलंत ना? मोजूनमापून?" बायको रडकुंडीला आली.

मोजलं होतं. त्यांच्या टेपचं टोक तुटलेलं. म्हणून ते दहाच्या खुणेपासून धरत आणि आलेल्या आकड्यातून दहा सेंटिमीटर वजा करत. चाळीस वर्षं कधी चुकले नव्हते. पण लेक दवाखान्यातून खुर्चीवरच घरी येणार हे कळलं, त्या दिवशी वजा करायचं राहून गेलं आणि दार तेवढंच अरुंद झालं.

त्यांनी छिन्नी-हातोडा आणला, पण हात उचलवेना. "कुंदे, बापानंच तुझं दार अडवलं गं."

अपघातापासून गप्प असलेली लेक बोलली, "आण्णा, द्या इकडे. या बाजूला माझा हात पोचतो."