पाटीखालची डबी

"काका, ही नुसती लाळ आहे," लॅबमधल्या वल्लरीने डबी उजेडात धरून सांगितलं. "छातीतून खोकून बेडका आणा. त्याशिवाय क्षयाची तपासणी होत नाही."

बद्रीनाथ पेंटर नवी डबी घेऊन दवाखान्याच्या मागच्या अंगणात पुन्हा गेले. महिनाभर जीव नकोसा करणारा खोकला आज नेमका दडी मारून बसला होता. त्यातून समोरच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत पाटी होती : 'येथे थुंकू नये. घरीही थुंकू नये.'

पाटी त्यांनीच रंगवलेली. दुसरं वाक्य कोणी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी पदरचं घातलं होतं. थुंकण्यावरून सबंध कसबा पेठेला फैलावर घेणारा हा माणूस आता डबी तोंडाशी नेई, पाटीकडे बघे आणि आवंढा गिळे.

पण तसंच घरी परतायची सोय नव्हती. मुलगी तेजस्विनी बाळंतपणाला आली होती, आणि ती बापाचीच लेक. पाळण्याच्या दोरीला तिने पुठ्ठा टांगला होता : 'निकाल येईपर्यंत आजोबांनी डोकावू नये. लांबूनही नाही.' नातीचं तोंड त्यांनी पाहिलं होतं ते मोबाइलवर, शेजारच्या खोलीत बसून. त्यांना ती मांडीवर हवी होती.

त्यांनी डोळे मिटले आणि डबी उचलली.

"अहो आजोबा!" फाटकाबाहेर स्कूटर थांबवून एक गृहस्थ ओरडले. "वाचता येत नाही का? एवढी मोठी पाटी लिहिलीय!"

"मीच लिहिलीय!" बद्रीनाथ कडाडले. "मला वाचायला शिकवता?"

संतापाने अशी काही उबळ आली, की छपरावरची कबुतरं उडाली. गृहस्थांनी स्कूटर हाणली. डबीत हवं ते पडलं.

वल्लरीने डबी निरखली आणि झाकण घट्ट लावलं. "आता कसं! मघाशीच कोणीतरी तुमच्यावर ओरडायला हवं होतं. निकाल फोनवर कळवते, या तुम्ही."

बद्रीनाथ मात्र घरी गेले नाहीत. थोड्या वेळाने वल्लरी पुढच्या पेशंटला घेऊन अंगणात आली, तेव्हा ते पिशवीत ब्रश ठेवत होते. पाटीवर खाली एक नवी ओळ होती, अजून ओली :

'नात मांडीवर घ्यायची असल्यास डबीत थुंकावे.'