चांगला पाय

डेल्मार प्रुइटने उजव्या पायाचा मोजा काढला, घडी करून बुटात खोचला आणि पाय कोमट पाण्याच्या तसराळ्याशी आणला. त्या पायाला बोटं दोनच होती.

चर्चच्या मागच्या खोलीत पुरुष मंडळी भिंतीकडेने अनवाणी बसली होती. प्रभुभोजन नुकतंच आटोपलं होतं. पलीकडच्या खोलीत बायका गाणी म्हणत एकमेकींचे पाय धूत होत्या. या चर्चची रीत जुनी होती. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याच पुढे गुडघे टेकायचे, त्याचे पाय धुवायचे; मग त्याने उठून तुमचे धुवायचे. तोंडाने माफी मागायची गरज नसे. दोघांचे पाय धुतले की भांडण मिटलं.

म्हणूनच गुरुवारी पाळकसाहेबांचा फोन आला, "टगवेलसाहेब स्वतः तुझे पाय धुणार म्हणतात," तेव्हा डेल्मारने ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. अकरा वर्षं झाली होती. टगवेलच्या कोंबड्या कापायच्या कारखान्यात बर्फाच्या पेट्यांची गाडी त्याच्या पायावरून गेली, तीन बोटं गेली, आणि कंपनीच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं, साखर वाढल्यामुळे. डेल्मारला तेव्हा साखर नव्हती आणि आजही नाही. भरपाईवर त्याने कधीच पाणी सोडलं होतं. त्या माणसाने एकदा चुकलं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. शनिवारी त्याने नखं कापली, नवे मोजे आणले. "देव आंधळा नाही गं," बायकोला म्हणाला.

रॉइस टगवेल आत आला तेव्हा पाळकसाहेब त्याच्यासाठी दार धरून उभे होते. मागोमाग एक टकला फोटोग्राफर. टगवेल यंदा राज्याच्या सिनेटला उभा होता. त्याने कोट काढला, बाह्या वर केल्या. छातीवरचा पक्षाचा बिल्ला मात्र तसाच राहिला. पाळकसाहेबांनी लगबगीने त्याच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली. बाकी सगळ्यांना फरशीच होती.

"काय म्हणताय, बाबा?" टगवेलने पाय हातात घेतला.

डेल्मार ऐकायला पुढे वाकला.

"साहेब, हा नको," फोटोग्राफर म्हणाला. "दुसरा घ्या. चांगला पाय."

"हो, हो. बाबा, तो दुसरा द्या जरा." टगवेलने हातातला पाय हळूच खाली ठेवला. मग आवाज उतरवून, अगदी आपुलकीने विचारलं, "साखरेमुळे गेली का हो बोटं? फार वाईट. माझ्या सासऱ्यांचंही असंच झालं."

डेल्मारला कळून चुकलं. या माणसाला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. माफी राहिली बाजूला, त्याने साधी ओळखसुद्धा ठेवली नव्हती.

"साखर नाही," डेल्मार म्हणाला. "तुमची गाडी. तुमच्याच कारखान्यात."

टगवेलने पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी छताकडे पाहिलं. तोवर चांगला पाय पाण्यात गेलाही होता. ओंजळभर पाणी, पांढरा टॉवेल, खटाखट फोटो. मिनिटभरात सगळं उरकलं.

"प्रभूची स्तुती असो. मंगळवारी मत द्यायला विसरू नका, बाबा." टगवेल उठला.

"बसा," डेल्मार म्हणाला.

"आं?"

"आता माझी पाळी. बूट काढा."

टगवेलने आपल्या शहामृगाच्या कातड्याच्या बुटांकडे पाहिलं आणि हसला. "अहो, तिकडे मैदानात पाचशे माणसं जेवणासाठी खोळंबलीत. पुढच्या वेळी नक्की. पाळकसाहेब, मी गाडीत बसतो. सभेची प्रार्थना तुम्हीच करायची आहे, लक्षात आहे ना?"

तो गेला. उशी तिथेच राहिली.

"डेल्मार, कशाला रे असं?" पाळकसाहेब कळवळून म्हणाले. "वरचं छप्पर त्यांनीच घालून दिलं. आणि माणूस आपला आहे. राजधानीत आपल्या श्रद्धेची बाजू दुसरं कोण मांडणार?"

"कुणाचा आपला?" डेल्मारचा आवाज चढला, तशा पलीकडच्या बायका गाता गाता थांबल्या. "माझा तर नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने दगा देणाऱ्या यहूदाचेसुद्धा पाय धुतले, पाळकसाहेब. दोन्ही! यातला चांगला कुठला, असं विचारत बसला नाही तो. आणि तुम्ही? उशी आणलीत!"

डेल्मारने टॉवेल उचलून कमरेला बांधला. खुर्चीच्या हाताला धरून, दोन बोटांच्या पायावर तोल सावरत तो उठला आणि त्याने फरशीवर गुडघे टेकले. उशी त्याने कोपराने बाजूला लोटली.

"बसा. आता माझं तुमच्याशी बिनसलंय."

पाळकसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते बसले. रीत त्यांनीच या सगळ्यांना शिकवली होती. खाली वाकून त्यांनी एका बुटाची नाडी सोडली. डेल्मारने पाण्यात हात घातला.

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा एकदा, लांबलचक.

पाळकसाहेबांचे हात थांबले. ते खिडकीकडे बघत राहिले. खाली बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघणं त्यांनी टाळलं. मग वाकले आणि सुटलेली नाडी पुन्हा बांधू लागले.

"दुहेरी गाठ मारा," डेल्मार गुडघ्यांवरूनच म्हणाला. "त्यांच्यामागे पळायचंय तुम्हाला."