आईचा शब्द

“काकू... कृतिका... भरती आहे...”

वाऱ्याच्या घोंघाटात एवढंच ऐकू आलं आणि फोन कटला. आवाज रसिकाचा, कृतिकाच्या नोएडाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा. लताने फोन लावला होता लेकीला, उचलला हिने. पुन्हा लावला तर बंद.

लता नवऱ्याकडे धावली. “अहो, आपली कृतिका भरती आहे म्हणे!”

“भरती? कुठल्या हॉस्पिटलात?” अविनाश ताटावरून तसाच उठला.

कोण सांगणार? दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या त्या क्वार्टरमध्ये वरणभात ताटातच निवत राहिला. ऑफिसच्या टोळक्याबरोबर पोर गोव्याला गेली होती. लता नकोच म्हणत होती. तिचं माहेर रत्नागिरीकडचं, अगदी समुद्राला लागून. तिचा सुधन्वादादा खडकावर चिकटलेली कालवं काढायला गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून समुद्राचं नावही तिला नकोसं झालं होतं. लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हा, सुटले बाई एकदाची, असंच वाटलं होतं तिला.

सकाळीच तिने फोनवर बजावलं होतं, “लाटांकडे पाठ करू नकोस. आणि पाण्याने आत ओढलंच, तर सरळ किनाऱ्याकडे झटत बसू नकोस, दम जातो. आडवी पोह.”

“आडवी मतलब?”

कप्पाळ! दिल्लीत वाढलेलं लेकरू. निम्मं मराठी शाळेच्या बसमध्येच सांडलेलं.

“अगं, किनाऱ्याला धरून, बाजूबाजूने!”

“अच्छा. यार आई, जरा सोप्पं बोलत जा ना.”

आता तेच लताच्या जिवाला खात होतं. ओढ लागली असेल, आणि पोरगी आडवी म्हणजे काय ते आठवत बसली असेल! अविनाश एकेका हॉस्पिटलला फोन करत होता. “कृतिका नाम की कोई लड़की भरती हुई है क्या?” कुठेच नव्हती. प्रत्येक नकारानंतर लता त्याला पुढचा नंबर काढून देत होती. हॉस्पिटलात नाही, मग आहे कुठे? देवा, दादासारखं नको रे करूस.

फोन वाजला. कृतिका.

“आई, किती मिस्ड कॉल! बॅटरी गेली होती गं.”

“मेले, जिवंत आहेस ना?” लता ढसाढसा रडू लागली. “कुठे भरती केलंय तुला?”

“मला? मी तर हॉटेलवर आहे. सगळे खडकावर फोटो काढायला निघाले होते. मी एकालाही जाऊ दिलं नाही. आता तो खडक दिसतही नाहीये आई, वरून पाणीच पाणी.”

“मग रसिका काय म्हणत होती?”

“तेच, जे मी ओरडून सांगत होते सगळ्यांना. भरती आहे, भरती आहे. सुधन्वामामाच्या गोष्टीतली, समुद्राची भरती. आई, तू विसरलीस?”